शिंप्याच्या व गड्याच्या कादंबऱ्या

कादंबरी म्हणजे बंगल्यांतल्या तरुण-तरुणींचे रुसवेफुगवे, अशी समजूत करून घेऊन आमचे पुष्कळ शेतकरी व कारागीर बंधु ती हातीं धरीत नाहींत. त्यांच्यासाठीं नुकत्याच वाचलेल्या तीन कादंबऱ्यांविषयीं भीड न धरतां लिहितों.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्यें (१९७१) नारबा नांवाचा गडी आपली हकीगत आपल्याच बोलींत सांगतो. मालक ट्रॅक्टर आणतो आणि गोठा रिता होत जातो. आम्ही तें मोठ्यानें वाचीत असतां ऐकणाऱ्यांतले एक म्हातारबाबा उठून बाहेर गेले. त्यांची दावण नुकतीच मोकळी झाली होती. जनावरांचीं वर्णनें मात्र कोठें कोठें फार लांबलीं आहेत.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) वऱ्हाडांतल्या शिंप्याच्या घरची. नवरा महादेव कुचकामी. कौतिक एकटी संसार ओढते. दुःखावर दुःख इतकें रचलें आहे कीं, त्या माउलीस एखादा दिवस सुखाचा दिला असता तर लेखकाचें काय गेलें असतें, असें वाटतें! पण लटकें अक्षर एक नाहीं.

रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (१९७१) हीहि शिंप्याचीच, मराठवाड्यांतली. गांवच्या बड्या असामीशीं वांकडें आलें आणि घर उधळलें, सांगते बायको. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस जी ‘शुद्ध’ भाषा पढविली, तिच्या कसोटीस ह्या बाईचें एकहि वाक्य उतरलें नसतें. तिहींत आम्हांस हीच सरस वाटली. पुस्तक लहान आहे. दोन-तीन रात्रींत वाचून होतें. घरांतल्या बायकांस प्रथम ऐकवावें.