काचबिंदू : घरातील कोणाला धोका अधिक?

आमच्या वस्तीत गोदीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. दोन-तीन वर्षे ते जिन्याची पायरी चुकत, दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेत. घरच्यांना वाटे, वय झाले, मोतीबिंदू आला असेल. पिकला की ऑपरेशन करू. शेवटी सरकारी रुग्णालयात नेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची दृष्टी गेली ती गेली. डाव्या डोळ्यात आहे तेवढी सांभाळू या.

वाचकहो, मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सारखी असली तरी आजार वेगळे आहेत. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते बदलले की बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. बहुतेक वेळा डोळ्यातील पाण्याचा निचरा नीट न झाल्याने आतला दाब वाढतो आणि नसेला इजा होते. ही नस एकदा गेली की कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूचे दिसणे कमी होते आणि समोरचे स्वच्छ दिसत राहते, म्हणून माणूस गाफील राहतो.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. दक्षिण भारतातील पाहण्यांत असे दिसले की, काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता.

मग धोका कोणाला? चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला थोडाफार आहे आणि वयाबरोबर तो वाढतो. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर धोका कित्येक पटींनी अधिक. मधुमेह असलेल्यांनी आणि मोठ्या मायनस नंबरचा चष्मा असलेल्यांनी सावध राहावे. चेंडू, विटी किंवा फटाका लागून डोळ्याला मार बसला असेल, तर काही वर्षांनीही दाब वाढू शकतो. मोतीबिंदू फार पिकू दिला, तर त्यातूनही काचबिंदू होतो. तेव्हा 'पिकू द्या' हा सल्ला आता सोडून द्यावा.

आणखी एक धोका आपण स्वतः विकत घेतो. डोळे लाल झाले, खाज आली की मेडिकलच्या दुकानातून थेंबांची बाटली आणतो. त्यात स्टिरॉइड असेल आणि महिनोन्‌महिने घातले, तर तरुण मुलांच्याही डोळ्यातील दाब वाढतो. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी ते मनाने बंद करू नये. परंतु डोळे तपासून घ्यावेत.

प्लस नंबरचा चष्मा असलेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, एक प्रकार अचानक उद्भवतो. डोळा लाल होतो, डोके असह्य दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. मायबहिणींनो, याला पित्त समजून घरी झोपून राहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असे नव्हे. नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यातील दाब आणि मागची नस पाहून घ्यावी लागते. दाब साधारण १० ते २१ असला तरी काहींना काचबिंदू होतो, म्हणून नस पाहणे महत्त्वाचे. चाळिशीनंतर एक-दोन वर्षांतून एकदा ही तपासणी करावी. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीचीही वाट पाहू नये. उपचारात थेंब, लेसर किंवा ऑपरेशन असते. थेंब बहुधा जन्मभर घालावे लागतात. बरे वाटते म्हणून सोडू नयेत. दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही थेंबांनी दम वाढतो.

आम्ही वस्तीत नेत्रशिबिरे भरवली, चष्मे वाटले. पण डोळ्यातील दाब तपासा, अशी मागणी डॉक्टरांकडे करायचे आम्हालाही सुचले नाही, ही आमची चूक. पुढच्या शिबिरात ती होणार नाही. आपल्या मंडळांनीही हे ध्यानात ठेवावे.

काकांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "भावंडे किती?" धाकटा भाऊ रिक्षा चालवतो. तक्रार काहीच नाही, म्हणून यायला तयार नव्हता. काकांनीच त्याचा हात धरून नेले. त्याच्याही डोळ्यात काचबिंदूची सुरुवात निघाली. आज तो सकाळ-संध्याकाळ थेंब घालतो. त्याची नजर शाबूत आहे, रिक्षाही चालू आहे.

आपल्या घरात कोणाला काचबिंदू झाला असेल, तर तो लपवू नका. भावंडांना आणि मुलांना आजच कळवा.