सजगता हवी, सोशिकता नको

मैत्रिणींनो, ‘माइंडफुलनेस’ हा शब्द सध्या आपल्या शिबिरांत आणि समुपदेशन केंद्रांत फार ऐकू येतो. श्वासाकडे लक्ष द्या, मनात येईल ते नुसते पाहा. नैराश्य आणि व्यसन ही दोन्ही दुखणी एकदम जडलेल्या बायकांनाही आता हाच उपाय सांगितला जातो. या पद्धतीशी माझे भांडण नाही. ती जशी वापरली जाते त्याच्याशी आहे.

पद्धत खोटी नाही. बौद्ध ध्यानपरंपरेतून घेऊन जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत ती रुग्णालयात आणली. पुढे ॲलन मार्लॅट व सहकाऱ्यांनी व्यसनमुक्तांसाठी ८ आठवड्यांचा कार्यक्रम बांधला. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. तिच्यामागे न जाता ती पाहायला शिकायचे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २८६ जणांच्या अभ्यासात वर्षभरानंतरही याचा फायदा दिसला. पण ही माणसे व्यसनाचे सुरुवातीचे उपचार पुरे करून आलेली होती, आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. आपल्याकडे तो पहिला टप्पाच गाळला जातो! रोजची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते. तिथे औषध लागते, नुसता श्वास पुरत नाही.

शिवाय बाईच्या मिशेरीमागे, झोपेच्या गोळ्यांमागे, चोरून घेतलेल्या दारूमागे कित्येकदा मारहाण असते. तिला डोळे मिटून बसवले की तोच प्रसंग पुन्हा अंगावर येऊ शकतो. डोळे उघडे ठेवण्याची, उठून जाण्याची मुभा तरी तिला नको? आणि मारणाऱ्या नवऱ्याकडेही तिने साक्षीभावाने पाहायचे का? आपल्या आज्यांना ‘सोस बाई’ सांगत, ते याहून वेगळे काय होते?

माझ्याबरोबर आलेल्या एकीला व्यसनमुक्ती केंद्राने ‘आधी डोक्याचा इलाज करा’ म्हणून परत पाठवले, तर मानसोपचार विभागाने ‘आधी दारू सोडवा’ म्हणून. हाती काय पडले? श्वासाच्या व्यायामाचे पत्रक!

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारच मानतो आणि सरकारी सेवेत उपचार मिळणे हा हक्क ठरवतो. तेव्हा दोन्ही दुखण्यांवर एकाच ठिकाणी उपचार, मुलांसह राहण्याची सोय आणि घरातली हिंसा थांबवण्यासाठी कायद्याची मदत, या मागण्या आपल्या संघटनांनी लावून धरायला हव्यात. ध्यान त्यांच्या जोडीला जरूर असावे. पुढच्या शिबिरात कुणी ते शिकवायला आले, तर आधी विचारा: डॉक्टर कुठे आहे, आणि आज रात्री ही बाई झोपणार कुठे?