इन्सुलिनची सुई कचऱ्यात टाकताय? आधी हे वाचा

इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना मी हल्ली विचारतो, "वापरलेली सुई कुठे टाकता?" बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "कचऱ्यात."

कचऱ्यात म्हणजे कुणाच्या तरी हातात. पुण्यात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो. घरोघरचा बराचसा कचरा 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे कचरावेचक उचलतात आणि हाताने निवडतात. त्यात बायकाच जास्त आहेत. आपण काळ्या पिशवीला गाठ मारतो आणि त्या ती उघडतात.

सुई टोचली तर काय होतं? हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाच्या ताज्या रक्ताची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर संसर्गाची शक्यता शंभरात ६ ते ३० इतकी असते. इन्सुलिनच्या बारीक सुईत रक्त कमी असतं, म्हणून धोका कमी होतो, पण संपत नाही. हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. आणि आपल्याला हा आजार आहे, हे अनेकांना माहीतच नसतं.

"आम्ही कर भरतो, कचरा वेगळा करणं त्यांचं काम," असं सुशिक्षित माणसं मला ऐकवतात. साफ चूक! घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा वेगळा करून देणं ही घरातल्या माणसांची जबाबदारी आहे. सुया आणि मुदत संपलेली औषधं घातक कचऱ्यात मोडतात. कर भरला म्हणून दुसऱ्याच्या हातात सुई टोचवायचा हक्क मिळत नाही.

दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. सुई कशी टोचायची ते आम्ही दहा वेळा शिकवतो, कुठे टाकायची ते एकदाही सांगत नाही. म्हणून आता सांगतो :

• फिनाइलची किंवा शाम्पूची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या. वापरलेली सुई लगेच तिच्यात टाका.
• पाऊण भरली की झाकण घट्ट लावा, चिकटपट्टी गुंडाळा, वर "सुया" असं ठळक लिहा.
• बाटली घंटागाडीत टाकू नका. माझ्या दवाखान्यात आणून द्या. इतरांनी आपापल्या डॉक्टरांना विचारावं, आणि ते नाही म्हणाले तर का, तेही विचारावं.
• सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या.

तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना एवढं जरूर सांगा : सुई टोचली तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. हिपॅटायटिस बीची लस घेतली का, हेही विचारा.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा साखरेच्या रिपोर्टबरोबर ती बाटलीही आणा. मी मागणार आहे.