परीक्षा बँकांची, निकाल बंद

चेन्नईस्थित इंडियन ओव्हरसीज बँक थकीत कर्जांच्या ओझ्यामुळे २०१५ ते २०२१ या काळात रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली होती. मार्च २०२१ मध्ये सरकारने बिनव्याजी रोख्यांच्या रूपाने तिला ४,१०० कोटी रुपयांचे भांडवल पुरविले. अशा खर्चाला मंजुरी संसदेची. मात्र संकटात बँक कितपत तग धरील, हे जोखणाऱ्या ताण-चाचण्यांचे बँकनिहाय निकाल संसदेपुढे येत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा षण्मासिक वित्तीय स्थैर्य अहवाल एकत्रित चित्र मांडतो, बँकांची नावे टाळतो. नावे फुटल्यास ठेवीदार धास्तावतील, ही भीती निराधार नाही. तथापि अमेरिकेने ऐन मंदीत, २००९ मध्ये, १९ बड्या वित्तसंस्थांचे निकाल नावानिशी जाहीर केले. येथे किमान वित्तविषयक स्थायी समितीला ते गोपनीयतेने द्यावेत. औषधाचा खर्च मंजूर करणाऱ्यांना निदान आधी कळावयास हवे.