बॅटरी ठेवायची कुठे?

मे महिन्यात रात्री अकराला नागपूरच्या मानेवाड्यासारख्या वस्तीत वीज गेली, की गच्चीवरून पहिला प्रश्न येतो, "डीपी उडाली का?" कोराडीचं वीजकेंद्र बंद पडलं का, असं कुणीच विचारत नाही. लोकांनी दुखणं बरोबर ओळखलंय. कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, शेजारी खापरखेड्याला 1340 मेगावॅट. काखेत कळसा असूनही अंधार होतो, कारण अशा वेळी वीज कमी पडत नाही, रोहित्र (डीपी) आणि फीडर कमी पडतात. 45 अंशांत तापलेलं शहर रात्रीही निवत नाही आणि घरोघरचे एसी-कूलर एकदमच सुरू असतात.

दिवसाचं चित्र उलटं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं नवं उद्दिष्टच 16,000 मेगावॅटचं आहे. दुपारी वीज मुबलक, म्हणून जुलै 2025 पासून टीओडी (वेळेनुसार दर लावणारे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत सवलत मिळते. पण त्या वेळी नोकरदारांच्या घराला कुलूप असतं. दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवावी लागणार.

महाराष्ट्राला हे नवं नाही. सह्याद्रीत घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून आहे: फावल्या वेळी पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. नागपूरला तसा कडा नाही, तेव्हा बॅटरी. ती स्वस्तही झाली आहे. 2022 च्या केंद्रीय निविदेत मेगावॅटमागे महिना 10.83 लाख रुपये भाडं निघालं होतं. 2025 मधल्या काही निविदांत ते अडीच लाखांच्या आत आलं.

पण ठेवायची कुठे? सौर प्रकल्पाच्या आवारात ठेवली, तर रात्रीची वीज शहरात त्याच दमलेल्या वाहिन्यांवरून येणार. दिल्लीने किलोकरीत 20 मेगावॅटची बॅटरी वस्तीतल्या उपकेंद्रातच बसवली. नागपुरातही ती 33/11 केव्ही उपकेंद्रांत हवी. दिवसा भरायची, रात्री तिथल्याच फीडरना द्यायची; उपकेंद्राचं रोहित्र आणि वरची वाहिनी हलकी होते. गल्लीतली डीपी मात्र यानं सुटत नाही, तिची क्षमता वाढवावीच लागेल.

अडचणी आहेतच. दोन तासांची बॅटरी नागपूरची अख्खी रात्र काढत नाही. उन्हात लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं, तिचा कंटेनर थंड ठेवायलाही वीज लागते. म्हणून निविदेत विदर्भाचं तापमान लिहिलेलं असावं आणि वस्तीपासूनचं अंतर व आगीची व्यवस्थाही.

तरीही हा हिशेब आधी मांडायला हवा, कारण कोराडीत आणखी 660 मेगावॅटचे दोन संच उभारण्याचा प्रस्ताव मे 2023 च्या जनसुनावणीत विरोध होऊनही पुढे रेटला गेला. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राच्याच राखेचा बांध फुटून शेतांत चिखल झाला, हे गावकरी विसरलेले नाहीत. संध्याकाळच्या मागणीचा सुळका बॅटरीनं छाटता येत असेल, तर कोळशाच्या संचांची गरज किती उरते, हे आकड्यांत दाखवा.

सुरुवात सोपी आहे. महावितरणने मे महिन्यातला उपकेंद्रनिहाय रात्रीचा भार जाहीर करावा. सर्वाधिक ताणाचं उपकेंद्र कोणतं ते लोकांना दिसेल, आणि पहिली बॅटरी तिथेच बसवावी. नगरसेवकाच्या शिफारशीवर जागा ठरवू नये.