पांडुरंग सांगवीकर पळपुटा नव्हता

‘कोसला’ १९६३ साली आली, आणि तेव्हापासून पांडुरंग सांगवीकरवर दोन शिक्के बसलेत. तो अस्तित्ववादी आहे, हा प्राध्यापकांचा. तो पळपुटा आहे, हा बाकी सगळ्यांचा: पुण्याला शिकायला गेला, बापाचे पैसे उडवले, नापास होऊन गावी परतला, परिस्थितीशी झगडला म्हणून नाही. रावेर-सावद्याच्या बाजूनं पाहिलं तर दोन्ही खोटे वाटतात.

अस्तित्ववादाचं आधी उरकून टाकू. काम्यूच्या मर्सोची आई मरते आणि त्याच्या दिनक्रमात फारसा फरक पडत नाही. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीनं जाते आणि त्याचं सगळं बोलणंच विस्कटतं. बाप, घर, शेती, गाव हे लटांबर मर्सोच्या मागं नाही. एवढं पुरे.

पळपुटेपणाचा आरोप जास्त चिवट आहे, कारण झगडणं म्हणजे काय हे आपण आधीच ठरवून बसलोय. अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींचा श्याम घ्या. दारिद्र्य येतं, आई जाते, पण प्रत्येक दुःखातून काहीतरी शिकवण निघतेच. श्याम मलाही आवडतो. पण पांडुरंग मनीच्या मरणातून शिकवण काढायला नकार देतो. माझ्या मते तिथं जास्त धैर्य लागतं.

शिवाय तो कोणत्या मातीतून पुण्याला गेला ते पाहा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं, नेहरू अध्यक्ष होते. त्याच यावल तालुक्यातल्या सांगवीत १९३८ साली नेमाडे जन्मले. शिका, देश तुमचा आहे, असं ऐकत ही पिढी वाढली. मग वसतिगृहात जाऊन पाहते तर शिक्षण म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे नोकरी. यात ज्याचा गोंधळ उडाला नाही त्याच्याबद्दलच मला शंका येईल. पुढं ‘बिढार’ ते ‘झूल’ (१९७५–७९) या चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील मास्तर होतो आणि गावोगावची कॉलेजं पाहतो. पटलं नाही की सामान बांधतो. तेही आपल्याकडं पळणंच ठरतं. खुर्चीला चिकटून राहणाऱ्याला मात्र कुणी पळपुटा म्हणत नाही!

नेमाड्यांना खरं विचारायचं ते वेगळंच. भरकटायला पांडुरंगला पुणं मिळालं आणि परतायला घर होतं. मनीला दोन्ही मिळालं नाही. घरातल्या बायकांना आपला गोंधळ घेऊन जायला जागाच नाही, आणि ही जागा नसणं कादंबरीला दिसतं, पण तिथं ती फार थांबत नाही.

आजही केळीच्या पट्ट्यातली पोरं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जातात, चार-पाच वर्षांनी परततात, आणि पारावर पहिला प्रश्न येतो, ‘काय झालं रे मग?’ त्यातल्या एखाद्याच्या हाती ‘कोसला’ पडली तर कृपा करून त्याला अस्तित्ववादाची टिपणं देऊ नका. आणि त्याची बहीण कितवीला आहे, बारावीनंतर तिला कुठं पाठवणार, हेही घरी विचारा.