आधी सोयाबीन, मग पडदे

पितृपक्ष संपत आला की आपल्या गोरेगावात घरोघरी धुणं-झाडणं सुरू होतं. घटस्थापनेला घर स्वच्छ पाहिजे ना! हाच सीझन म्हणून मागच्या वर्षी मी वॉलपेपर आणि भारी पडदे उधारीवर भरले. ऐन काढणीत पाऊस आला, सोयाबीन भिजलं, माल पडून राहिला. व्याज मात्र चालूच.

माझं स्पष्ट मत आहे, घर सजवायचा उत्साह नवरात्रात येतो, पण पैसा सोयाबीन विकल्यावर. त्यामुळे दसऱ्यापर्यंत छोटाच माल ठेवा. तोरण, लाइटची माळ, एका भिंतीपुरता रंग. (बीबीएच्या पुस्तकात हे नव्हतं बरं का.) तेव्हा एक ताई एक लिटरचा डबा घेऊन गेल्या होत्या. दिवाळीच्या आधी उरलेल्या तीन भिंतींसाठी परत आल्या, अन् पडदेही बघून गेल्या.